गाडी आत नव्हती

माझी मुलगी केया एकोणीस वर्षांची आहे आणि तिला स्टॉक कारच्या शर्यतींत करिअर करायचं आहे. हे दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या मंडळींना सांगितलं की पहिला प्रश्न मला, "पण डिग्री कसली?" दुसरा माझ्या बायकोला, कुंदाला, "तुम्ही कशा काय तयार झालात?" जणू आम्ही पोरीला सर्कशीत दिलंय. मी आताशा उत्तरच देत नाही.

वाट सरळ नाही, हे त्या मंडळींपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. केया नवव्या वर्षापासून कार्टिंग, म्हणजे छोट्या बुटक्या गाड्यांच्या शर्यती, करते. इथली कार्टिंगची मुलं पुढे युरोपातल्या उघड्या चाकांच्या गाड्यांकडे वळतात. हिला आवडल्या त्या बंद, जड, नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या आणि एकमेकींना घासत धावणाऱ्या गाड्या. त्या अमेरिकेत. तिथे आधी छोट्या गावातल्या अंडाकृती ट्रॅकवर दर शनिवारी शर्यत, मग प्रादेशिक मालिका, मग ट्रकच्या शर्यती, आणि नशिबानं साथ दिली तर सगळ्यात वर. बहुतेक जण दुसऱ्या पायरीवर अडकतात आणि पुढे इतरांच्या गाड्या दुरुस्त करतात.

विन्स्टन तसाच अडकलेला. मूळचा वसईचा, शारजात वाढलेला. बारा वर्षं अमेरिकेत शर्यती केल्या, आता नॉर्थ कॅरोलिनातल्या एका लहान टीमसाठी नवे ड्रायव्हर शोधतो. जानेवारीत तो इथे आला तेव्हा त्याच्याकडे एक सीट, म्हणजे टीममध्ये एकाच ड्रायव्हरची जागा, होती आणि उमेदवार चार. उम्म अल क्वैनकडे एका रिकाम्या आवारात तात्पुरता ट्रॅक आखला होता. पंचवीस-पंचवीस फेऱ्यांच्या दोन शर्यती, त्यावरून निवड.

या गाड्यांना स्पॉटर लागतो. ड्रायव्हरचं डोकं सीटमध्ये दोन्ही बाजूंनी जखडलेलं असतं, शेजारी कोण आहे ते त्याला धड दिसत नाही. म्हणून एक माणूस उंचावर उभा राहून रेडिओवर सांगत राहतो. केयाचा स्पॉटर मी. एरवी मी डीआयपी या दुबईच्या औद्योगिक भागातल्या एका गोदामात सुपरवायझर आहे, माल कुठे आहे ते ओरडून सांगण्याची मला सवयच आहे. आमचे शब्द तीन. आतल्या बाजूला गाडी असेल तर 'आत', भिंतीच्या बाजूला असेल तर 'बाहेर', कोणीच नसेल तर 'मोकळं'. घरी इंग्रजीत उत्तरं देणारी ही मुलगी रेडिओवर मात्र निमूट माझी मराठी ऐकते. स्पॉटरनं सल्ला द्यायचा नाही, फक्त दिसतं ते सांगायचं. तिला न दिसणारी बाजू ती माझ्या डोळ्यांवर सोडून देते.

पहिल्या शर्यतीच्या एकविसाव्या फेरीत एक गाडी वळणावर भिंतीला घासत गेली. पुढच्याच फेरीत केयानं त्याच वळणावर बाहेरून एकाला गाठलं आणि ती त्याच्या पुढे निघाली. आता मी 'मोकळं' म्हटलं की ती झटकन आतल्या रेषेत उतरणार. मागे एका गाडीएवढी जागा होती. पुरेशी होती. पण त्यानं मागून नुसता धक्का दिला असता तरी ती गरकन फिरून भिंतीवर गेली असती.

मी म्हणालो, "आत. आत. अजून आत."

ती बाहेरच राहिली, तिचा वेग पडला, तो खालून पुढे निघून गेला. केया तिसरी आली.

मी ट्रॅकच्या कडेला ठेवलेल्या एका कंटेनरवर उभा होतो, विन्स्टन माझ्या शेजारी. तो ट्रॅककडे बघतच म्हणाला, "उपेंद्रभाई, गाडी आत नव्हती."

"नव्हती," मी म्हणालो.

"मी तिला सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

खाली केया हेल्मेट काढून पाणी पीत होती. "Sorry, Baba. I was too slow on the outside," ती म्हणाली. माझ्या चुकीची माफी ती मागत होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तू स्लो नव्हतीस. मोकळं होतं. मी घाबरलो आणि खोटं बोललो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि विन्स्टनच्या बायकोला, इसाबेलला विचारलं, "Will you spot for me?"

दुसरी शर्यत मी जमिनीवरून पाहिली, कंटेनरवर इसाबेल होती. खालून निम्मा ट्रॅक दिसतच नव्हता. पंचविसाव्या फेरीअखेर केया पहिली आली. विन्स्टन म्हणाला, "पोरगी तयार आहे. सीट तिची. दोन वर्षं तिकडे राहायचं, दिवसा वर्कशॉपमध्ये काम, शनिवारी शर्यत. गुरुवारपर्यंत कळवा."

परतताना आमची गाडी केयाच चालवत होती. शारजा मागे पडल्यावर म्हणाली, "I don't know if I can go, Baba."

"का? सीट मिळाली ना?"

"Because you'll do it again. On the phone. Something will happen here, and you'll say everything is fine."

आम्हा आखातातल्या लोकांची रीतच ती आहे. दूरच्या माणसाला वाईट बातमी खरी सांगायचीच नाही. माझी आई गेली तेव्हा भावानं फोनवर सांगितलं, "आईला जरा बरं नाही, जमलं तर येऊन जा." मी विमानतळावर तिच्यासाठी गुडघ्याचं मलम घेत बसलो होतो. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, आणि शिकलो मात्र तेच.

"केया, गाडी बाजूला घे."

तिनं पेट्रोल पंपावर गाडी थांबवली.

"पुढच्या मंगळवारी माझी अँजिओग्राफी आहे. दोन महिने छातीत दुखतंय. डॉक्टर म्हणतात, ब्लॉकेज असू शकतं. तुझ्या आईला माहीत आहे. तुझी निवड झाली तर तू अमेरिकेला पोचल्यावरच सांगायचं, असं आमचं ठरलं होतं."

तिनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेही नाहीत.

"किती वाजता?" तिनं मराठीत विचारलं.

"सकाळी आठ."

"मी येते. डॉक्टर जे सांगतील ते माझ्यासमोर सांगतील." तिनं गाडी सुरू केली. "आणि विन्स्टन अंकलना आजच हो कळवते."