एकाआड एक गज

तिने पंजा पसरून दोन गजांच्या मध्ये धरला. तो कुठेच अडला नाही. मनगट, कोपर, पार खांद्यापर्यंत हात कठड्याबाहेर गेला आणि दोन मजले खालची फरशी एकदम जवळ आल्यासारखी वाटली.

एकाआड एक. तिला सगळं आठवलं.

या नव्या पाळणाघराचं चित्र त्याच्या मालकीणबाईंना दाखवायचं होतं आणि इमारतीचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल इतकं जड झालं होतं की चित्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडेचना. त्या कुंभकर्णाला जरा हलकं करा, असं तिच्या ऑफिसचे आर्किटेक्ट सर म्हणाले होते. मग तिने दारांच्या कड्या काढल्या, नळ काढले, स्क्रू काढले, आणि कठड्याचा दर दुसरा गज काढला. चित्रात लांबून कुणाला कळतंय? हे काम नेहमी वेगळ्या प्रतीवर करायचं. पण त्या दुपारी लेक तापाने फणफणली होती, आईचे फोनवर फोन येत होते, आणि तिने मूळ फाइलवरच सेव्ह करून घर गाठलं. पुढे त्याच फाइलमधून कठड्याचे नकाशे निघाले.

सोमवारी इथे साठ मुलं येणार होती. तिची तीन वर्षांची लेकही त्यांत होती.

शेवटच्या खांबाशी वेल्डर हत्यारं आवरत होता. तिने त्याला अंतराबद्दल विचारलं.

"ताई, कागदावर आहे तेच लावलंय. मला जास्त वाटलं म्हणून तुमच्या साहेबांना फोनपण केला. ते म्हणाले, चित्रात आहे तसंच करा."

चित्र तिचंच होतं.

सर जिना चढून आले. गज कमी पडलेत, एवढंच ती कसंबसं बोलली. ते हसले. कठडा मोकळाढाकळा दिसतोय आणि मालकीणबाई खूश आहेत, असं म्हणाले.

"तुम्हा आयांना सगळीकडे खड्डेच दिसतात. एवढ्यातून मुलाचं डोकं जाणारे का?"

नोकरीला पाचवाच महिना होता. सरांशी वाद घालायची सोय नव्हती. तिने पर्समधून लेकीची लोकरी टोपी काढली आणि गळ्यातली ओढणी तिच्यात कोंबू लागली. रोज न्हाऊ घालणाऱ्या हातांना मापाची पट्टी लागत नाही. हातांना लेकीच्या डोक्याची ओळख पटली तशी ती थांबली. तिने टोपी दोन गजांच्या मध्ये धरली आणि सोडून दिली.

कुठल्याच गजाला न शिवता टोपी बाहेर गेली. खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

सर वाकून खाली बघू लागले.

"गज मी काढले होते," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली, तोवर वेल्डर गुडघ्यावर बसला होता आणि कठड्याच्या खालच्या पट्टीवर, दोन गजांच्या बरोबर मधोमध, खडूची पहिली खूण उमटली होती.