लेथची तबकडी

निवृत्त होऊन आठ महिने झाले, तरी शेजारीपाजारीच काय, नवरासुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचा. दवाखान्याच्या प्लास्टरच्या खोलीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं लोकांचे मोडलेले हातपाय बांधले होते. आता त्यांना लाकडाचे वाडगे करायचे होते. म्हणून घर बदलणाऱ्या एका गृहस्थांकडून त्यांनी लाकूडकामाचा जुना लेथ घेतला. "सगळं आहे हो त्यात," असं ते गृहस्थ म्हणाले होते. घरी आणून पाहिलं तर पट्टा तुटलेला, आणि ज्या लोखंडी तबकडीवर लाकूड बसवून फिरवायचं, ती तबकडीच गायब.

"हौसेला मोल नसतं म्हणतात, पण निदान मशीन तरी असावं," नवरा म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला.

पट्टा लगेच मिळाला. दुकानदाराने तुटका तुकडा बोटांत फिरवून पाहिला आणि खुंटीवरून त्याचा जुळा भाऊ काढून दिला. तबकडीपाशी मात्र घोडं अडलं. तीन दुकानांत एकच प्रश्न: "मशीन कुठल्या कंपनीचं?" मशीनवरचं नाव तर घासून पार गुळगुळीत झालेलं. "मग तबकडी ज्या दांड्यावर चढते, त्याचे आटे तरी कसले?" सिस्टरांना आटे ठाऊक होते ते बरणीच्या झाकणाचे.

शेवटी त्यांनी आपल्याला येत होतं तेच केलं. दांड्याला तेल चोपडलं, त्याच्याभोवती प्लास्टर बांधलं, सुकल्यावर उभं कापून दोन भाग अलगद सोडवले. आत आट्यांचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. आटे डावीकडे झुकलेले दिसले, तसं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'उलटे आटे', आणि प्लास्टर व चिठ्ठी लोखंड कातणाऱ्या एका म्हाताऱ्या टर्नरच्या वर्कशॉपमध्ये देऊन आल्या.

चार दिवसांनी तबकडी आली. चकचकीत, देखणी, आणि दांड्यावर चढायचं नाव नाही. सिस्टर तडक वर्कशॉपमध्ये गेल्या.

टर्नरने प्लास्टरचा तुकडा उजेडात धरला. "ठशात सगळं उलटं दिसतं, सिस्टर. आरशात भांग दिसतो तसं. तुमचे आटे सरळच आहेत."

"मग तुम्ही उलटे का पाडलेत?"

"चिठ्ठीत लिहिलं होतं ना. नर्सबाईंच्या चिठ्ठीवर शंका घेऊन कसं चालेल?"

सिस्टरांना हसू आवरेना. टर्नर म्हणाला, "थांबा, आत्ताच दुसरी करतो," आणि मशीनचं चाक फिरवायला गेला. तेवढ्यात त्याच्या कपाळावर आठी उमटून गेली. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नसती.

"मनगट कधीपासून दुखतंय?"

"छे, मुरगळलंय जरा. दोन महिने झाले असतील."

सिस्टरांनी त्याचा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. टर्नर जागच्या जागी दोन इंच उडाला. "हे मुरगळणं नाही," त्या म्हणाल्या. "तबकडी राहू दे. आधी फोटो काढायचा."

फोटोत बारीक तडा निघाला. दवाखान्यात, सिस्टरांच्याच जुन्या खोलीत टर्नरला सहा आठवड्यांचं प्लास्टर चढलं. नवी तबकडी मग शेजारच्या वर्कशॉपवाल्याने, टर्नरच्या देखरेखीखाली आणि त्याची बोलणी खात, करून दिली. ती दांड्यावर चढली तेव्हा सिस्टरांनी उगाचच तीन वेळा काढून पुन्हा बसवली.

टर्नरला घरी बसवेना. रोज संध्याकाळी तो सिस्टरांकडे येऊन स्टुलावर बसू लागला. "मी लोखंडातला माणूस, लाकडातलं मला कळत नाही," असं म्हणून तो तासभर सांगत राही: पटाशी आधी टेकवा, मग पुढे सारा, घाई कराल तर लाकूड हिसका देईल.

पहिला ओंडका तबकडीवरून सुटून कोपऱ्यात गेला. दुसऱ्याला भोक पडलं. तिसऱ्याचा वाडगा झाला, एका बाजूला जरा कललेला. सिस्टरांचा नवरा तो घेऊन आत गेला आणि त्यात शेंगदाणे भरून घेऊन आला.

"कलतोय," सिस्टर म्हणाल्या.

"कलू दे," टर्नर डाव्या हाताने शेंगदाणे उचलत म्हणाला, "खायला सोपं पडतं."