बसायचं शेवटी

माझा धाकटा भाऊ जुन्या गाड्या पारखून द्यायचा. कुणाला सेकंडहँड मोटार घ्यायची असो, ट्रॅक्टर असो नाहीतर मालाचा टेम्पो, लोक आधी त्याला घेऊन जायचे आणि मग पुढचं बोलायचे. तो गाडीभोवती हिंडायचा, पत्र्यावर टिचकी मारायचा, कान लावायचा आणि सांगायचा, इथे पुट्टी भरलीय, ही कुठेतरी आपटलेली आहे. लहानपणी घरातल्या माठापासून माझ्या डोक्यापर्यंत त्याने टिचकी मारायला काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. म्हणून त्याचं नाव टिचक्या. खरं नाव आता बँकेला आणि डॉक्टरांनाच ठाऊक.

त्याचा एक नियम होता. गाडी आधी खालून बघायची, मग चारी बाजूंनी, आणि सीटवर बसायचं ते सगळ्यात शेवटी. "ताई, माणूस एकदा बसला की गाडीच्या प्रेमात पडतो. मग त्याला खालचा गंज दिसत नाही." ह्या चिकित्सेपायीच तो बिनलग्नाचा राहिला, असं आई मरेपर्यंत म्हणत होती.

गेल्या वर्षी त्याचे पाय गेले. अपघात नाही, काही नाही, नसांचा आजार. आधी अडखळायला लागला, मग काठी आली, मग चाकांची खुर्ची, आणि तो माझ्याकडे राहायला आला. हे खालून वर चढत जातं, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी आत येऊन टिचक्याला जसंच्या तसं सांगितलं. मी शिंपीण आहे. कापड कमी असलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते की कमी आहे, बाह्या निघायच्या नाहीत. झाकपाक मला जमत नाही आणि करणाऱ्याचा रागही येतो. टिचक्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे हात अजून आहेत."

आमच्या वस्तीमागच्या टेकड्यांमधून एक पायवाट वर खिंडीपर्यंत जाते. दर रविवारी तो त्या वाटेने एकटा जायचा. वर एक सपाट दगड आहे, तिथे थर्मासमधला चहा प्यायचा, पलीकडच्या खोऱ्यात काय चाललंय ते बघायचा आणि जेवायला माझ्याकडे यायचा. ताटावर बसला की खिंडीतला वारा कुठल्या बाजूने होता ते सांगायचा. मला त्या वाऱ्याचं काय करायचं होतं! पण तो सांगायचा आणि मी वाढायचे.

"मला एकदा वर जायचंय," तो म्हणाला. "पण माझं मी."

माझी दोन्ही मुलं म्हणाली, मामा, आम्ही मित्रांना बोलावतो, चौघं मिळून खुर्चीसकट उचलून नेतो. टिचक्या हसला. "चौघांनी उचलायची वेळ येणारच आहे, बाबांनो. तिची घाई कशाला?" मुलं आपापल्या कामाला लागली.

मग त्याच्या डोक्यात एटीव्ही शिरली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि घोड्यासारखी बैठक असलेली गाडी. उड्या मारायची पोरांची नव्हे, कामाची हवी होती. शेतमळ्यावर कुंपणाची तार आणि चाऱ्याच्या गोण्या वाहतात ना, तसली. ती हळू चालते, खडकाळ वाटेवर चारी चाकांनी ओढते आणि मागेपुढे लोखंडी रॅक असतो. "एका रॅकवर थर्मास, दुसऱ्यावर घोंगडी. गिअरला पाय लागत नाहीत, ब्रेक हातात, वेग अंगठ्यावर. मला आणखी काय पाहिजे?"

"आणि वर गेल्यावर उतरवणार कोण तुला?"

"उतरायचंय कुणाला? बसल्या बसल्या बघेन आणि परत येईन."

मी म्हटलं, दोघांच्या सीटची घेऊ, मागे मी बसेन. तो म्हणाला, मागे बहीण बसवून खिंडीत गेलेला माणूस मी आजवर पाहिला नाही. विषय संपला.

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. जाहिराती तो बघायचा, मोटार मी चालवायची. पोचलं की त्याला खुर्चीत बसवायचं आणि मी टॉर्च घेऊन एटीव्हीखाली आडवं पडायचं. ह्या वयात, असल्या गुडघ्यांनी! तो वरून विचारायचा आणि मी खालून सांगायचे. इंजिनाला हात लाव, गार आहे का? गरम असेल तर सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते, म्हणून मालकाने आपण यायच्या आधीच तापवून ठेवलीय. चाकांच्या आतल्या बाजूला रबरी बूट असतात, ते फाटलेत का? फाटले तर आत चिखल जातो. सांगाड्यावर पाना ठोक. पूर्वी टिचकी तो स्वतः मारायचा. आता मी पाना ठोकायचे आणि तो डोळे मिटून ऐकायचा.

पहिल्या गाडीचं तेल दुधाळ निघालं. ओढ्यात बुडवलेली होती. दुसरीच्या सांगाड्याला तडा होता आणि त्यावर ताजा रंग फासला होता. ह्या दोन्ही सोडल्या ते बरंच झालं. तिसरीचा एक बूट जरासा चिरला होता, तर "नको". चौथीचे मागचे दोन टायर वेगळ्या कंपनीचे, तर "नको". नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! परतीच्या वाटेवर मी चिडले. म्हटलं, तुला गाडी हवीय की रविवारी फिरायला मोटार? तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

पाचवी एका रोपवाटिकेत होती. मालक उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने मातीच्या गोण्या वाहायला ती घेतली होती, आता धंदा मुलीकडे सोपवून तो घरी बसणार होता. कुंड्यांच्या रांगांच्या टोकाला छपराखाली गाडी उभी होती. मी इंजिनाला हात लावला, गार. खाली शिरले. बूट चारही धड, सांगाड्यावरचा रंग मूळचा. पाना ठोकला तर खणखणीत आवाज आला. चाक धरून हलवलं, जराही खडखड नाही. मी एकेक सांगत होते आणि वरून टिचक्याचं "हं" बारीक होत चाललं होतं.

"टायर?" त्याने विचारलं.

"चारी एकाच कंपनीचे."

"नीट बघ."

"अरे, शर्टाच्या बाह्यांसारखे जोडीचे आहेत! आता तरी बस."

तो गप्प. मला वाटलं, आनंदाने वाचा गेली. मीच मागे लागले, मीच. मी आणि रोपवाटिकेवाल्याने त्याला काखेत धरून उचललं आणि सीटवर बसवलं. पाय पायट्यांवर ठेवले. पाठ ताठ करून तो बसला आणि कुंड्यांच्या वरून टेकड्यांकडे बघायला लागला. इतक्या महिन्यांत तो मला पहिल्यांदा माझ्यापेक्षा उंच दिसला. मला फार फार बरं वाटलं.

त्याने बोटाच्या पेराने बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, संथ आणि एकसारखं. मग उजवा अंगठा वेगाच्या खटक्यावर ठेवला.

इंजिनाचा आवाज होता तसाच राहिला. मला वाटलं, ऐकतोय. हा असाच ऐकतो. मग मला त्याचं मनगट थरथरताना दिसलं. त्याने अंगठा काढून तळहात लावला, तळहाताने दाबायला गेला, हात घसरला. पुन्हा लावला. मानेवरची शीर टरारली होती. इंजिन मात्र आपलं त्याच संथ आवाजात चालू होतं. रोपवाटिकेवाला पाठ वळवून एका कुंडीतली वाळकी पानं खुडायला लागला.

टिचक्याने गाडी बंद केली.

"ताई, हिची केबल घट्ट आहे. तू बघ."

मी अंगठा लावला. कात्री धरून धरून माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय, पण इथे जोर लावायची गरजच पडली नाही. खटका लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि सोडताच अलगद परत आला.

तो माझ्याकडे बघत होता. चार वर्षांचा असताना पडला की आधी माझं तोंड बघायचा, रडायचं की नाही ते ठरवायला. तसाच.

"हो रे," मी म्हटलं. "भलतीच घट्ट आहे."

रोपवाटिकेवाल्याने तोंड उघडलं होतं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं त्याने गिळलं. "उभी आहे ना बरेच दिवस," तो सावकाश म्हणाला. "ओल धरली असेल केबलने."

"मग नको," टिचक्या म्हणाला.

परतताना तो डोळे मिटून बसला होता. आणि मी गाडी चालवता चालवता एकेक टाका उसवत गेले. चिरलेला बूट. गिऱ्हाइकांना हाच सांगायचा, बूट फाटला तर बूट बदला, गाडी कशाला सोडता? टायरचंही तेच. म्हणजे त्या दोन्ही गाड्यांत खोट नव्हती. ज्या गाडीत खोट निघत नाही तिच्यावर शेवटी बसावं लागतं, एवढंच. त्याला माहीत होतं. टिचकी मारायला अंगठा लागतो आणि टिचकी तर कधीच बंद झाली होती. आणखीही एक आठवलं. मी शिवलेले बटणांचे शर्ट त्याने सोडून दिले होते, हल्ली डोक्यातून घालायचे बनियनसारखे सदरे घालायचा. गरम होतं म्हणाला होता. मी शिंपीण, जन्म काजबटणांत गेला माझा, आणि सख्ख्या भावाच्या अंगावरची बटणं गेली ते मला कळलं नाही. मी रस्त्याच्या कडेला मोटार थांबवली आणि रडले. त्याने डोळे उघडले नाहीत.

घरी चहाचा कप मी त्याच्या ओठांना लावला. त्याने लावू दिला.

आठवडाभर तो जाहिरातींकडे फिरकला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. खिंड नाही, वारा नाही, बोलणंच नाही. शनिवारी मीच मोबाइल घेऊन त्याच्या पलंगावर बसले.

"ऐक. हिरवी आहे, दोन्ही रॅक शाबूत. मालक म्हणतो, डोंगरवाटेला एक नंबर."

मी मोबाइल त्याच्या खांद्यावरून पुढे धरला.

"मालक तर म्हणणारच," भिंतीकडून आवाज आला. "खालून बघायला हवी."

रविवारी निघालो. हिरवी जिथे होती ते गॅरेज लांब होतं. वाटेभर तो बोलत होता. पावसाळा सरल्यावर वाट कशी घट्ट होते, कुठल्या वळणावर खालच्या गिअरमध्ये जायचं, थर्मास रॅकला कुठे बांधायचा. मी हं हं करत होते. पोचल्यावर त्याला खुर्चीत बसवलं, टॉर्च काढला आणि पाठीवर आडवी झाले.

गॅरेजवाला तोंडाळ होता. "अहो मावशी, खाली काय शोधताय? साहेबांना वर बसू द्या, एक चक्कर मारू द्या, पटलीच म्हणून समजा!"

"आमच्यात बसायचं शेवटी असतं," मी खालून म्हटलं.

टिचक्या हसल्याचं मला ऐकू आलं.

"बूट बघ ताई," तो म्हणाला. "पुढचे."

मी टॉर्च फिरवला. हात लावून बघितलं.

"डावा चिरलाय रे. जरासा."

"जरासा?"

"जरासा."

"मग नको," तो म्हणाला. आवाज मोकळा होता, पूर्वी गिऱ्हाइकांशी बोलताना असायचा तसा. "पुढच्या रविवारी दुसरी बघू."

मी टॉर्च बंद केला आणि थोडा वेळ तिथेच पडून राहिले. बूट नवा कोरा होता.