झिपरीचा दोर

माझा नातू आयुष याचं बारसं झालं ते २००६ साल. घरात पाळणा टांगायला जागा नव्हती. भाव नाही म्हणून कापूस विकलाच नव्हता. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती. पाळणा अंगणातल्या निंबाला बांधला.

कापूस आणि दार यांच्यामध्ये दोन बायका बसतील एवढी जागा उरली होती. तिथे दुपारी मी आणि माझी थोरली जाऊ तानाबाई बसायचो. दम्यामुळे तिचं शेतात जाणं बंद झालं होतं. कापसाने अंगाला खाज सुटायची, तरी ती हलायची नाही, कारण मी वाचून दाखवत असे.

अक्षरं मी पन्नाशीत शिकले, साक्षरतेच्या वर्गात. मग राळेगावच्या वाचनालयात जाऊन म्हटलं, "मोठ्या अक्षरांचं काही द्या." तिथल्या मधुसूदन सरांनी 'धुक्याचे सात गड'चा पहिला भाग दिला. मुलांसाठीची अद्भुत कादंबरी, सात भागांची. दीड-दोन वर्षांनी एकेक भाग यायचा. आम्ही ती पोथीसारखी वाचली, हात धुऊन, पाटावर ठेवून. कागदावर नुसत्या काळ्या रेघा, आणि त्यांतून डोंगर चालत यायचा, पाण्याखाली दिवे जळायचे. हे कसं होतं ते मला अजून उमगलेलं नाही.

तिसऱ्या भागात झिपरी नावाची म्हातारी नावाडीण आली. राजपुत्र वज्रकेतू धुक्यात शिरताना होडीचा दोर तिच्या हाती देऊन म्हणाला, "मी येईपर्यंत सोडू नकोस." चौथ्या भागात तो आला नाही. पाचव्यात, सहाव्यातही नाही.

"सातव्यात येईन थो," तानाबाई म्हणायची.

सातवा भाग फेब्रुवारीत मिळाला. आठ दिवसांत वाचून झाला. वज्रकेतू सिंहासनावर बसला, लग्न झालं, खाली 'समाप्त'. मी समाप्तीचा नारळ घेतला.

"अन् झिपरी?" तानाबाईने विचारलं.

"तिचं काही नाही, बाई."

"पान गाळलं तुनं."

"नाही गाळलं."

"मंग काहून नाई? एवढी धडधाकट बाई वाचता वाचता सांडली काय व रुक्मे? ठेव थो नारळ. पोथी पुरी नाई झाली."

मला ते लागलं. छापलेलं कधी चुकत नाही अशी माझी समजूत होती, म्हणजे मीच चुकले असणार. ओळीखाली बोट धरून मी एकटीने पुन्हा सगळं वाचलं. झिपरी नव्हती. शेवटी पुस्तक पिशवीत घालून एसटीने राळेगावला गेले.

सरांनीही ते वाचलं होतं. त्यांनी पानं मोजली, चाळली, मग हसले. "आजी, तुमचं काही चुकलं नाही. लेखकच विसरला तिला. मीसुद्धा विसरलो होतो."

"छापलेल्या पुस्तकात?"

"माणूसच लिहितो ना, आजी."

परतताना बसस्थानकावरची गावाच्या नावाची पाटीसुद्धा मी दोनदा वाचली. बरोबर असेलच कशावरून?

घरी येऊन सरांचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं, तानाबाई लेखकाला शिव्या घालील. ती बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "इसरला? म्हंजे मारली नाई तिले?"

"नाही."

"बुडवली नाई?"

"नाही."

"मंग थे अजून तिथंच हाय!" तिचे डोळे मोठे झाले. "राजा झाला, लगन झालं, पुस्तक सरलं, अन् थे दोर धरूनच हाय, रुक्मे!"

माझ्या अंगावर काटा आला. पाटावरचं पुस्तक मिटलेलं होतं आणि आत कोणीतरी जागं होतं. इतकी वर्षं मी वाचत होते, पण ते दिसलं अक्षर न येणाऱ्या तानाबाईला.

"मांगं कोरं पान हाय ना? लिही."

"वाचनालयाचं आहे, बाई. सर रागावतील."

"थो राजपुत्र इसरला, त्याले कोन रागावलं?"

दमाने बोलणं तुटायचं, म्हणून तीन दुपारी लागल्या. तिने सांगितलं ते मी तसंच लिहिलं: 'झिपरीनं दोर सोडला नाई. हात सोलले. मंग एक बाई आली अन् म्हनाली, आन इकडं, आता मी धरतो. तू घरी जाय, भाकर खाय.'

"बाईचं नाव काय लिहू?"

"नाव कायले? दोर धराले नाव लागते काय?"

मग तिने माझ्या वाकड्या अक्षरांवरून तिचं बोट मला फिरवायला लावलं, एकेक करून, शेवटपर्यंत. नंतर म्हणाली, "आता फोड नारळ."

पुस्तक परत दिलं तेव्हा सरांनी ते पान उभ्यानेच वाचलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

तानाबाई २ मे २००६ रोजी, मंगळवारी सकाळी, दम्याने घरीच वारली.