सदतीस साम्यस्थळं

संपादकबाईंनी दोन पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. एरवी त्या बसत नाहीत. उभ्या उभ्या काम सांगतात आणि जातात.

"तुलना करायचीये," त्या म्हणाल्या. "नियमाला नियम लावून. पंधरा दिवस घे. तुझी बाकीची मुद्रितं दुसरीकडे देते."

एक पुस्तक आमच्याच कंपनीचं होतं. खेळाची सुधारित नियमावली, जाडजूड, गुळगुळीत पानांची. दुसरं पातळ होतं, राखाडी पुठ्ठ्याचं, हाताने शिवलेलं. ते कोणाचं हे मला विचारावं लागलं नाही. ती शिवण माझ्या ताईची होती आणि दहाएक प्रतींसाठी सुईत दोरा मीच ओवून दिला होता.

"बाई, हे माझ्या दाजींचं पुस्तक आहे."

"म्हणून तर तुला देतेय. दोन्ही आतून माहीत असलेलं दुसरं कोण आहे इथे?" त्या उठल्या. "वकिलांना हवंय."

आमचा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांना थोडं सांगते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी तलवारबाज, कोणी चेटकीण, कोणी चोर. समोर पूल आहे, पुलावर राक्षस आहे. लढायचं की पळायचं ते तुम्ही ठरवता. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आणि त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, ते नियमावली ठरवते. कोणी किती सोसायचं आणि कधी मरायचं, ते सगळं तिच्यात असतं.

दाजींनी एकोणीस वर्षं ती नियमावली लिहिली. आईबाबा गेल्यावर तेराव्या वर्षी मी ताईकडे राहायला आले, तेव्हा दाजी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवे नियम तपासून बघायचे. गिनिपिग मी आणि ताई. माझा पहिला तलवारबाज वीस मिनिटांत मेला. मी भोकाड पसरलं आणि त्याचं नाव, ताकद, सगळं लिहिलेला त्याचा कागद फाडायला निघाले. दाजींनी माझा हात धरला. "रड हवं तेवढं. पण कागद ठेव. मेला असला तरी होता ना तो!"

आईबाबांबद्दल त्या घरात कोणी मला इतकं नीट काही सांगितलं नव्हतं.

पुढे दाजींनीच मला कंपनीत चिकटवलं, मुद्रितं तपासायला. आणि पुढे कंपनीने दाजींनाच काढलं. भांडण सुधारित आवृत्तीवरून झालं. आमच्या साहेबांना, म्हणजे मालकांना, खेळ सोपा करायचा होता. पात्र पडलं की झोपायचं, सकाळी उठायचं ते ठणठणीत.

"माणसं दिवसभर बाहेर मार खाऊन येतात," साहेब म्हणाले. "संध्याकाळी खेळातही मार कशाला खायचा?"

"सकाळी काही उरतच नसेल, तर तो मार कसला?" दाजी म्हणाले. "मग फासे तरी कशाला टाकायचे?"

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटलं होतं. पण दाजी तोंडाचे फटकळ. भर बैठकीत साहेबांना म्हणाले, "तुम्हाला खेळ नकोय, पाळणा हवाय." पुढच्या महिन्यात त्यांचं टेबल रिकामं झालं.

घरी बसून त्यांनी आपला पर्याय लिहिला. जग तेच, फासे तेच, पण एक नियम वेगळा. पात्र पडून उठलं, की त्याच्यावर एक खूण कायमची राहते. कोणाचं बोट जातं, कोणाची झोप जाते, कोणाला आपल्या गावाची वाट आठवेनाशी होते. ती पुसता येत नाही. ती घेऊनच पुढे खेळायचं. गावोगावच्या खेळणाऱ्या मंडळांमध्ये ते पातळ पुस्तक हातोहात फिरू लागलं. लोक त्याला 'खुणांचा खेळ' म्हणू लागले. साहेबांच्या कानावर ते गेलंच.

मी कामाला लागले. पहिल्या आठवड्यात नुसते नियम मांडले, डावीकडे आमचे, उजवीकडे त्यांचे. मग वाटलं, खेळल्याशिवाय तुलना कसली? आमच्या चित्रकाराला जेवणाच्या सुट्टीत पकडलं. एकच लढाई, एकच पूल, तीच पाच पात्रं. सोमवारी सुधारित नियमांनी, मंगळवारी दाजींच्या.

सोमवारी डाव पटकन आटोपला. चित्रकाराची चेटकीण दोनदा पडली, दोनदा उठली. "मजा आली," म्हणून त्याने डबा धुतला आणि गेला.

मंगळवारी ती एकदाच पडली. खुणांच्या तक्त्यावर फासा टाकला. आवाज गेला. मंत्र म्हणणारी बाई आणि तिला आवाज नाही! चित्रकार कागदाकडे बघत बसला. पोळीचा तुकडा हातातच.

"आता काय करायचं हिचं?"

"मला काय विचारतोस? तुझी आहे ती."

बुधवारी सकाळी आला तो थेट माझ्या टेबलाशी. पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. "ती लिहायला शिकेल," म्हणाला. "भिंतीवर लिहून मंत्र टाकेल. वेळ लागेल, पण टाकेल. चालेल ना?"

अहवालात मी ही गोष्ट घातली नाही. वकिलांना तिचं काय करायचं होतं?

दुसऱ्या आठवड्यात नवव्या प्रकरणापर्यंत पोचले. तिथे दोन्ही पुस्तकांत थकव्याचा तक्ता होता. चढण चढताना, ओझं वाहताना किती ताकद जाते, त्याच्या वीस ओळी. दोन्हींत हुबेहूब तोच. सरळ हिशोब: ओळीचा जो आकडा, त्याच्या निम्मा थकवा, अपूर्णांक सोडून द्यायचा. बाराव्या ओळीला सहा, सोळाव्या ओळीला आठ. पण चौदाव्या ओळीला सात हवेत, तिथे सहा. आमच्या पुस्तकातही सहा, दाजींच्याही पुस्तकात सहा.

मी ती लगेच ओळखली. कारण ती चूक माझी होती.

दाजींचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. नोकरी गेल्यावर चार महिन्यांनी एका रविवारी त्यांनी मला तो तक्ता टाइप करायला दिला होता. "बाईंना पाठवून बघतो," म्हणाले होते, "कामाचा वाटला तर कदाचित परत बोलावतील." टाइप करताना चौदाव्या ओळीला माझं बोट चुकलं. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी मी, पण माझी चूक ना मला दिसली, ना त्यांना. दाजींनी तक्ता पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं, तक्त्याचं नावही नसलेलं: उपयोग नाही, क्षमस्व. वर्षभराने सुधारित आवृत्ती आली. दाजींचं पुस्तक तिच्यानंतर तीन महिन्यांनी. तारखा बघणाऱ्याला काय दिसणार? मोठ्या पुस्तकातली चूकसुद्धा छोट्याने उचलली.

मी दोन्ही पुस्तकं उघडी घेऊन बाईंच्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"पत्र माझ्याकडेच आलं होतं ना? मी नाही म्हटलं. मग छपाईला जायच्या आधी नववं प्रकरण अपुरं पडत होतं. साहेब म्हणाले, तो तक्ता घाला." त्यांनी डोळे चोळले. "हे बघ, तुला विचारलंय काय? सारखं काय आणि वेगळं काय. आधी कोणी लिहिलं, हे विचारलंय का?"

"नाही."

"मग?"

मला कोणी धमकी दिली नाही, हे सांगायलाच हवं. नोकरी जाईल असं कोणी म्हटलं नाही. घरी माझ्यावर अवलंबून असलेलं कोणी आजारी नव्हतं. मी माझ्या टेबलाशी परत आले. खिडकीबाहेर गोदामातली माणसं खोकी उतरवत होती. मी वाट बघत राहिले, की आता माझ्या आत काहीतरी पेटून उठेल. नाही उठलं. नुसती भीती होती, परीक्षेच्या हॉलमध्ये असते तसली, आणि लवकर संपवून घरी जावंसं वाटत होतं.

शुक्रवारी अहवाल दिला. अठ्ठावीस पानं. भेद: एकशे नऊ. साम्यस्थळं: सदतीस. तिसाव्या साम्याला मी लिहिलं, 'थकव्याचा तक्ता, चौदाव्या ओळीतील चुकीसह, तंतोतंत समान.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. खाली सही केली.

महिन्याभराने दाजींना नोटीस गेली. ताईचा फोन आला, नेहमीसारखा, माझ्याशी मन मोकळं करायला. "अगं, चोर म्हणतायत त्यांना. ह्यांना! सोबत कसला तरी अहवाल जोडलाय, मी वाचला नाही अजून. तू ये ना रविवारी. तुला कळेल त्यातलं."

मी गेले. न जाण्याइतकी हिंमतही माझ्यात नव्हती.

दाजी टेबलाशी बसले होते. अहवाल समोर, शेवटचं पान वर. ताई ओट्याशी भांडी विसळत होती. तिच्या पाठीवरून कळत होतं, की तिने आता वाचलंय.

"बस," दाजी म्हणाले. मी बसले नाही.

"चांगली केलीस तुलना. कुठे फापटपसारा नाही." त्यांनी पान उलटलं. "एक साम्य मात्र सुटलंय. दारं उघडण्याचा नियम. तोही दोन्हींत सारखाच आहे. अडतीस हवीत."

"दाजी..."

"चौदाव्या ओळीचं बाकीचं लिहायचं राहून गेलं का?"

तेवढी एक पळवाट त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. हो म्हटलं असतं, तर त्यांनी ते खरं मानलं असतं, निदान तसं दाखवलं असतं.

"राहिलं नाही," मी म्हणाले. "लिहिलं नाही."

त्यांनी मान हलवली. कागद सरळ करून बाजूला ठेवले. ताई ओला हात तसाच घेऊन वळली.

"तेरा वर्षांची आलीस या घरात," ती म्हणाली. "ताटातलं काढून दिलं तुला. आणि तू आमच्याच ताटात..." तिने दाराकडे हात केला. "जा तू. परत येऊ नकोस."

नंतरचं मला चित्रकाराकडून कळत गेलं. मंडळांनाही पत्रं गेली, आणि भिडस्त माणसं पुस्तकं परत पाठवू लागली. उरलेल्या प्रती कंपनीची गाडी घेऊन गेली. ताईने स्वतः खोकी जिन्यावरून खाली आणली, गाडीवाल्याला हात लावू दिला नाही. त्या आमच्याच कागदकापणीच्या यंत्रात गेल्या. मी खालच्या मजल्यावर गेले नाही, पण आवाज वर येत होता. पातळ पुस्तकं, लवकर संपली.

सहा महिने मी रोज कामाला गेले, मुद्रितं तपासली, घरी आले. जेवण जात होतं, झोप येत होती. याचीच मला जास्त शरम वाटायची. मग एके दिवशी, काहीही घडलेलं नसताना, मी एक निवेदन लिहिलं. तक्ता कोणी केला, कधी केला, कोणी टाइप केला, कुठे पाठवला. बाईंचं 'माहीत आहे मला'सुद्धा. सही केली आणि दाजींच्या वकीलबाईंचा पत्ता शोधून त्यांच्याकडे घेऊन गेले.

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"हे आधी कुठे होतं?"

"माझ्याकडेच."

"तुमच्या दाजींनी चार महिन्यांपूर्वीच कंपनीला लिहून दिलंय. सगळ्या प्रती परत, आणि यापुढे कुठल्याही खेळाचे नियम लिहिणार नाही. मी सांगत होते, थोडं थांबा, कोणीतरी साक्षीला येईल. ते म्हणाले, येणारं एकच माणूस आहे आणि ते येणार नाही." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "आता याचं मला काही करता येणार नाही. तुम्हीच द्या त्यांना, द्यायचं असेल तर."

त्याच संध्याकाळी गेले. दार दाजींनी उघडलं. ते औषधांच्या एका गोदामात कामाला लागले होते, बाटल्यांवरची लेबलं तपासायला. अंगावर तिथलाच निळा सदरा होता. वाळले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दारातच उभ्याने, शेवटपर्यंत वाचला. दाजी कधीच काही अर्धवट वाचत नाहीत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळं बरोबर लिहिलंयस." आणि घडी घालून परत दिला.

"ठेवा ना, दाजी."

"कशाला?"

मी कागद पिशवीत ठेवला.

"नोकरी आहे ना तुझी अजून?"

"आहे."

"मग सांभाळ." ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. पण पाहुण्याला वाटेत जपून जा म्हणावं, तसं म्हणाले.

आतून ताईचा आवाज आला, "कोण आहे हो?"

"कोणी नाही," दाजी म्हणाले. "पत्ता चुकलाय."

दार लागलं. मी दोन पायऱ्या उतरले आणि कठड्याला धरून उभी राहिले. आत खुर्ची सरकली, नळ सुरू झाला, ताईने काहीतरी विचारलं आणि दाजींनी 'थोडंच वाढ' म्हटलं. शेजारच्या घरातून कोणीतरी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आलं, तेव्हा मी खाली उतरले.