बोलावणं नसलेली सावली

सिद्धाराम हलकुडे सोलापुरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. शहरातल्या एका निवृत्त पाद्रींकडे त्यांनी चार वर्षं चिकाटीनं लॅटिन गिरवलं होतं. १९७४ साली केम गावच्या शेतकऱ्याचा मुलगा जोतीराम त्याच कॉलेजात शिकवायला लागला. सिद्धारामनीच त्याला पाद्रींकडे नेलं. वर्षभरात तो लॅटिन कविता अशा वाचू लागला, की पाद्री डोळे मिटून ऐकत राहायचे. सिद्धाराम वाचायचे तेव्हा पाद्री फक्त चुका सुधारायचे.

मग कॉलेजच्या वाङ्मय मंडळानं 'उम्ब्रा' या लॅटिन शब्दावर भाषण ठेवलं. वक्ता जोतीराम. सिद्धारामना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"काय झालं?" बायकोनं, गौरम्मानं विचारलं.

"ऊन बाधलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथालयातला एकुलता एक लॅटिन कोश नोंद न करता पिशवीत घातला आणि घरी नेला. दोन दिवसांनी जोतीराम दारात उभा. "अण्णा, कोश कुटंच सापडंना. तुमी बघितला का?"

"नाही बुवा."

भाषणाला हॉल भरला. उम्ब्रा म्हणजे सावली, जोतीरामनं सांगितलं. कवितेतले गुराखी तिच्यात बसून गातात. उम्ब्रा म्हणजे मेलेल्या माणसाची छायाही. जिवंत माणूस तिला मिठी मारायला जातो आणि हात रिकामेच राहतात. त्याचे वडील नुकतेच वारले होते. कुणी हललं नाही.

सिद्धारामना ती शांतता सोसवेना. ते उठले. "आणखी एक अर्थ आहे. मेजवानीला पाहुण्याच्या मागोमाग जो बिनबोलावता येतो, तोही उम्ब्रा. उपहासाच्या कवितांत तो भेटतो. वक्त्यांना माहीत नसावं."

"न्हवतं माहीत," जोतीराम हसला. "लई झकास अर्थ हाय! मंग मी बी उम्ब्राच की. पाद्रीबाबांकडं मला कुटं बोलावणं होतं? अण्णांच्या मागनं गेलो."

टाळ्या पडल्या. लोक सिद्धारामकडेही कौतुकानं बघत होते, आणि त्यांना मान वर करवेना.

बाहेर सायकलींपाशी ते म्हणाले, "कोश माझ्याकडे आहे. तुझं भाषण पडावं म्हणून नेला."

जोतीरामनं सायकलचं कुलूप काढलं. "उद्या जाग्यावर ठेवा, सर," एवढंच म्हणाला.

'अण्णा' म्हणाला नाही. सिद्धारामनी कोश परत ठेवला. पण पाद्रींकडे जायचा वार मात्र त्यांनी बदलून घेतला. जोतीरामचं वाचन शेजारी बसून ऐकणं त्यांना अजूनही जमलं नसतं.