चार बोटं वर

सकाळी साडेपाचपासून लोक दारात येऊन बसतात, तेही उपाशीपोटी. पोटात अन्न असलं तर बेंबी नीट पाहता येत नाही. कोणाले मळमळ, कोणाले जुलाब, कोणाचं अन्नावरचं मनच उडालं. चटईवर उताणं झोपवायचं, बेंबीत अंगठा दाबायचा अन् आतली धडधड शोधायची. अंगठ्याखाली लागली तर बेंबी जागेवर, वर-खाली लागली तर सरकली. एवढंच माह्यं शास्त्र. सासूनं शिकवलं अन् चाळीस वर्षं मी तेच करून राहिली. आता गुडघे बोलतात, पाठ बोलते. "प्रेमिलाबाई, तुमच्या हाताले गुण आहे," म्हणतात मेले. गुण हाताले आहे, मले काय आहे? नुसता थकवा.

अन् खरं सांगू का, अर्ध्या लोकांची बेंबी सरकलेलीच नसते. परवा बेसाहून एक अरुंधती म्हणून बाई आली. हातात ही एवढी जाड फाईल, सोनोग्राफी अन् काय काय, सगळं नॉर्मल. मी अंगठा ठेवला तर बेंबी जागेवर, पण पोट लाकडासारखं कडक. म्हटलं, "बाई, घरात कोणाशी अबोला आहे?" तर ढसाढसा रडली. नवऱ्याशी चार महिन्यांपासून बोलणं नव्हतं. मी म्हटलं, "इथं काही सरकलं नाही. घरी जा अन् चांगलं कडाकडा भांड त्याच्याशी." उगाच तेल चोळलं नाही. तापलेलं पोट, आत गोळा लागला, की सरळ दवाखान्यात धाडतो मी. पोटाच्या बाबतीत जन्मात खोटं बोलली नाही, एवढाच काय तो माह्या हाताचा मान.

तो मान मी मागच्या रविवारी घालवला. अन् घालवला तर कुठं, माह्याच सुनेच्या पोटावर.

सरिता माह्या प्रशिकची बायको. प्रशिक मागच्या साली गाडीवरून पडला तो उठलाच नाही. तेव्हापासून घरात आम्ही दोघी. दोघी म्हणजे काय, दोन भिंती. ती स्वयंपाक करे, मी लोकांची पोटं पाहू. "जेवली?" "हौ. तुम्ही?" "हौ." दोघीही खोट्या. प्रशिकचं नाव निघालं की एक मोरीत जाये अन् एक अंगणात. तिचा भाऊ विक्रम म्हणाला, मावशी, हिले माहेरी उमरेडले घेऊन जातो, पुढचं काही पाहू. त्याची काय चूक? बत्तीस वर्षांची पोरगी, तिनं काहून या म्हातारीपाशी सडायचं? मीच म्हटलं, "ने बापा." तिच्यासमोर म्हटलं. तिनं ऐकलं अन् भांडी घासत राहिली. माह्या पोटात खड्डा पडला, पण तो कोणाले दाखवू?

रविवारी दहाले विक्रम येणार होता. बॅग दाराशी तयार होती. मी त्या दिवशी दारातल्या सगळ्यांले परत पाठवलं. एकाची तर बेंबी खरंच सरकली असंल, तोंडच तसं होतं त्याचं. पण म्हटलं, आज नाही.

साताच्या सुमारास सरिता समोर येऊन उभी राहिली. "आई, पोट दुखून राहिलं. पाहता का जरा?"

नऊ वर्षांत तिनं कधी असं म्हटलं नव्हतं. लोक आले की मले तेल कोमट करून देई, कणकेचा दिवा करून देई, सगळं शेजारी बसून पाहे. पण स्वतः चटईवर कधी झोपली नाही. आज झोपली. डोळे वर छताकडे.

मी अंगठा ठेवला. पोट पाठीले लागलेलं, दोन दिवसांची उपाशी असंल. अन् बेंबी? जागेवर. अगदी मधोमध, धाड धाड धाड. तसूभर हाललेली नाही. सांगायचं काय होतं, तर "उठ बाई, काही झालं नाही, चार घास खा." एवढं सोपं.

तोंडातून निघालं, "सरकली वं. चांगली चार बोटं वर."

मंग काय, सुरू झालं माह्यं नाटक. तेल चोळलं. बेंबीवर कणकेचा दिवा लावला, वरून तांब्या पालथा घातला. तांब्यानं पोट घट्ट धरलं; आतला दिवा विझला की तो धरतोच, बेंबी जागेवर असली तरी. आमच्यात नियम आहे, बेंबी बसवली की खाल्ल्याशिवाय उठायचं नाही, अन् बसवणाऱ्यानंच भरवायचं. मी गूळ-फुटाण्याचे घास तिच्या तोंडात घातले. खाल्ले तिनं, सगळे. मंग पायाच्या अंगठ्याले काळा दोरा बांधला अन् म्हटलं, "तीन दिवस ओझं उचलायचं नाही. एसटीत तर बसायचंच नाही, हादऱ्यानं पुन्हा सरकते."

तीन दिवस. भिकाऱ्यावानी मागून घेतले मी.

दहाले विक्रम आला. "जय भीम, मावशी." दोरा पाहिला अन् कपाळाले हात लावला. "आता हे काय? बरं, मित्राची कार आणतो. मागं झोपवून नेतो, हळूहळू." इतकं चांगलं बोलला तो, की मले माह्यीच लाज वाटली. लोकांच्या पोटातलं खरं काढणारी मी, अन् घरात काय करून राहिली?

"विक्रम," मी म्हटलं, "कार नको आणू. तिची बेंबी जागेवर आहे. मी खोटं बोलली."

तो माह्याकडे पाहतच राहिला. मी सरिताकडे पाहूच शकली नाही.

"मले मालूम आहे," सरिता म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"बेंबी जागेवर होती. सकाळी उठल्याबरोबर मीच अंगठा ठेवून पाहिली. नऊ वर्षं तुमच्या बाजूले बसून एवढं नाही शिकली का मी? तुम्ही 'ने बापा' म्हटलं, आई. एकदाही 'राह्य' नाही म्हटलं. मंग मी पोट घेऊन आली तुमच्याकडे. म्हटलं, जागेवर आहे म्हणाल्या, तर उठतो अन् निघून जातो."

माय वं! मी तिथंच बसली. किती महिन्यांचं रडू आलं, ते मले थांबवता येईना. विक्रम बिचारा बॅगेजवळ उभा होता. थोड्या वेळानं त्यानं बॅग उचलली, आतल्या खोलीत नेऊन ठेवली अन् म्हणाला, "चहा तरी करा कोणी."

सरितानं चटई झटकली. "तुम्ही झोपा आता," ती म्हणाली. "तुमचं पोट कोणं पाहिलं आजवर?"

कोणीच नाही. सासू गेल्यावर कोणीच नाही. मी उताणी झोपली. तिनं अंगठा ठेवला, गरम होता तिचा हात. किती तरी वेळ दाबून बसली.

"कुठं आहे वं?" मी विचारलं.

"चार बोटं वर," ती म्हणाली. "उठायचं नाही. आधी तोंड उघडा."

खरी सरकली होती का नाही, ते मी विचारलं नाही. तोंड उघडलं.